सरळ दिसणारा गुडघा

९ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तिकडेही ठीकच असणार. पेपरातल्या फोटोत तुझी मान माझ्या गुडघ्यापेक्षा ताठ दिसली.

तुझ्या बायकोचा फोन आला होता. तुझ्या हजाराव्या ऑपरेशनच्या समारंभात ताईंनी स्टेजवर चालून दाखवावं म्हणे. विचार करून कळवते म्हटलं. विचार झाला. येणार नाही.

तू ऑपरेशन केलेला पाय सरळ दिसतो, खरंय. शिंपीण आहे मी, तेवढी दाद देते. पण पाऊल टाकलं की गुडघा बाहेर लचकतो. जिना उतरताना भिंत धरते. तुला तीनदा सांगितलं. तू एक्स-रे उजेडात धरून म्हणालास, "उत्तम आहे. ताई, तुला सरळ पायाची सवय नाही." सत्तर वर्षं वाकड्या पायांनी चालले रे, तोल कधी गेला नव्हता.

मागच्या महिन्यात दुसरा गुडघा करून घेतला. "उलट बोलते" म्हणून तू जिला काढून टाकलंस, त्या डॉक्टरीणबाईंकडून. त्यांनी नीट समजावलं. हाड कापणं हे अर्धंच काम. वाकड्या पायात आतल्या बाजूचे बंध आखडलेले असतात, बाहेरचे सैल. आतले थोडे थोडे सोडवायचे, पाय वाकवून, सरळ करून दोन्हीकडचा ताण सारखा येईतो बघायचं. "वेळ लागतो," म्हणाल्या. लागला. हा पाय जिन्यावर माझं ऐकतो.

त्यांच्याकडेच का गेले, ते लिहिणार नव्हते. तुझ्या ऑपरेशनच्या दिवशी कमरेतल्या इंजेक्शनाने माझे पाय बधिर झाले होते, कान नव्हते. पडद्यापलीकडून बाई म्हणाल्या, "सर, आतून अजून आखडलंय. बाहेरून उघडतंय."

तू म्हणालास, "चालेल, शिवून टाका. पाहुणे खोळंबलेत. हिला कुठं धावायचंय?"

तुझी शाळा सुटायच्या वेळी मी दुकान बंद करून धावतच यायचे. पोरं "बदक, बदक" ओरडायची. एकदा तूही ओरडलास. सात वर्षांचा होतास, म्हणून सोडून दिलं. आता छप्पन्नचा आहेस.

तू केलेला गुडघा बाई सोमवारी पुन्हा उघडणार आहेत. संमतीच्या कागदावर 'जवळचे नातेवाईक' म्हणून शेजारणीचं नाव घातलंय.

भेटायला येऊ नकोस. बघून शिकायला येणार असशील तर ये. बाईंची हरकत नाही, मी विचारून ठेवलंय.

अजूनही तुझीच,
ताई