उलट्या पंख्याबाबत आणि परत केलेल्या परवान्याबाबत

प्रति,
माननीय निरीक्षक साहेब,
मोटारबोट तपासणी व परवाना कार्यालय,
तलाव धक्का, दुसरा मजला.

विषय: मोटारबोट क्र. ११७ ला पूर्वीपेक्षा उलट्या फेऱ्याचा पंखा बसवल्याचे उशिरा कळवणे, आणि चालकाने स्वखुशीने परत केलेला परवाना रद्द न करण्याबाबत.

संदर्भ: १) इंजिन बदलल्यानंतर आपण स्वतः घेतलेली चाचणी फेरी.
२) अर्जदाराच्या थोरल्या भावाने आपल्या टेबलावर आणून ठेवलेला चालक परवाना.

महोदय,

१. अर्जदार सदर बोटीवर इंजिनचालक आहे. सुकाणूवर अर्जदाराचे थोरले बंधू असतात, त्यांना सगळा तलाव 'दादा' म्हणतो. दादा वर आणि अर्जदार खाली, अशी कामाची वाटणी वडिलांनी बोट दोघांच्या हवाली केली तेव्हाच ठरली होती. अर्जदाराची उमेदीची वर्षे इंजिनाशेजारी गेली असून त्याने तलाव फारसा पाहिलेला नाही. फळीच्या फटीतून दिसतात ते दादांचे पाय. उजवा पाय आपटला की पुढे, डावा आपटला की मागे, हीच आजवर वरून खाली येणारी सूचना. याबद्दल अर्जदाराची कधी तक्रार नव्हती असे लिहिले तर ते खोटे होईल, आणि खोटे आधीच पुरेसे झालेले असल्याने तसे लिहीत नाही.

२. गेल्या हंगामात जुन्या इंजिनाला चीर गेली आणि नवे बसवण्याशिवाय गत्यंतर उरले नाही. बोट वयस्क आहे. उतारू तिला 'म्हातारी' म्हणतात. म्हातारीच्या पोटात कोणतेही इंजिन मावत नाही. अर्जदाराने जुन्या इंजिनाच्या पायांमधले अंतर दोरीने मापले, दोरीला गाठी मारल्या आणि ती दोरी खिशात घालून सुट्या भागांच्या दुकानात गेला. इंजिन त्या गाठींवर नेमके बसणारे निवडले. पाण्याचा पंप स्वस्तातला न घेता पितळी घेतला. इंजिनाखालच्या रबरी बैठका दाबून, वाकवून, नाकाशी धरून पाहिल्या. धुराच्या नळीला जिथे वळण येते तिथे दुहेरी जाडीचा तुकडा घेतला. दुकानदार म्हणाला, "मुलीचं स्थळ बघताय की नळी घेताय?" हे सर्व एवढ्यासाठी लिहिले, की अर्जदाराला आपले काम येते हे साहेबांच्या ध्यानात यावे. जे घडले ते अडाणीपणाने घडले, अशी पळवाट त्याला राहिलेली नाही.

३. गिअरबॉक्स शेवटी राहिला. दुकानात होता तो शाफ्टला, म्हणजे पंख्याच्या दांड्याला, उलट्या बाजूने फिरवणारा. जुन्यासारखा मागवावा लागला असता आणि तो कधी आला असता याची दुकानदाराला खात्री नव्हती. उलटा गिअरबॉक्स घ्यायचा तर बोटीला ढकलणारा पाण्यातला पंखाही उलटा हवा, नाहीतर बोट पुढे जायच्या वेळी मागे जाईल. दुकानदाराने स्पष्ट विचारले, "जुना पंखा डाव्या फेऱ्याचा होता ना? मग आता उजवा लागेल. चालेल ना तुमच्या दादांना?" बोट काठावर उभी होती, अर्जदार दिवसभर उन्हात फिरून कावला होता. तो म्हणाला, "जो आहे तो द्या." दादा तेव्हा लेकीकडे गेले होते. जाताना म्हणाले होते, "खालचं तुला कळतं. तू आणशील ते खरं."

४. साहेब कचेरीत बसणारे असले तरी जाणकार आहेत, तथापि कागदावर राहावे म्हणून खुलासा करतो. बोट मागे घेताना पंखा तिची शेपटी किंचित एका बाजूला ओढतो. डावा पंखा उजवीकडे, उजवा पंखा डावीकडे. आमचा धक्का बोटीच्या उजव्या हाताला येतो. दादा तिरके आत येत, डावा पाय आपटत, अर्जदार उलटा गिअर टाकी आणि म्हातारीची शेपटी आपली आपण वळून धक्क्याला टेके. दोरी फेकायला माणूस लागत नसे. बाया हातातले विणकाम न थांबवता उतरत. नव्या पंख्याने तीच शेपटी धक्क्यापासून दूर जाते आणि तोंड धक्क्यावर आदळते. चालकाला हे ठाऊक असेल तर हरकत नाही, तो दुसरी तजवीज करतो. ठाऊक नसेल तर त्याला वाटते की आपलेच काहीतरी बिनसले.

५. चाचणी फेरीला आपण आलात तेव्हा सुकाणूवर अर्जदारच होता. बोट पुढे नेऊन, मोठा वळसा घेऊन परत आणली. मागे घेण्याची वेळ आली नाही, कारण आपल्या शिपायाने दोरी धरली. उतरताना आपण विचारलेत, "बाकी सगळं पूर्वीसारखंच ना?" अर्जदाराने मान डोलावली. मान डोलावणे हे लेखी निवेदन नसल्याने त्याला खोटी माहिती म्हणता येईल का, यावर अर्जदाराने पुष्कळ विचार केला. म्हणता येईल.

६. दादा परत आले आणि पहिल्याच फेरीला बोटीने धक्क्याला नाक मारले. रोज येणाऱ्या एका शिंप्याच्या मांडीवरचे इस्त्रीचे कपडे पाण्यात गेले. दादांनी त्याची माफी मागितली, स्वतः वाकून एकेक सदरा काढून दिला. दुसऱ्या फेरीला तेच. उतारू गेल्यावर दादा खाली आले. ते सहसा खाली येत नाहीत, त्यांच्या गुडघ्यांना ती शिडी मानवत नाही. तेलाच्या डब्यावर बसून त्यांनी विचारले, "पंखा बदललास का रे?"

इथे अर्जदाराला सांगता आले असते. अडचण काहीच नव्हती. दादा रागावले असते, दोन दिवस धुसफुसले असते आणि तिसऱ्या दिवशी बोट नीट लावली असती. पण 'आधी का नाही बोललास' हा प्रश्न समोर दिसत होता. अर्जदार म्हणाला, "नाही दादा. तोच आहे."

दादांनी अर्जदाराकडे पाहिले, मग स्वतःच्या हाताकडे पाहिले. म्हणाले, "मग माझाच हात गेला म्हणायचा." विश्वास स्वतःच्या हातावर ठेवायचा की भावावर एवढाच प्रश्न होता, आणि त्यांनी भावावर ठेवला.

७. त्यानंतर जे झाले त्याला अर्जदार सर्वस्वी जबाबदार आहे. दादांनी डोळे तपासून नवा चष्मा घेतला. वहिनी रोज त्यांच्या मनगटाला तेल चोळू लागल्या. धक्का जसजसा दर फेरीला बसत गेला तसतसे दादा सुकाणू घट्ट धरू लागले, आणि घट्ट धरलेला हात कापतो, तसा त्यांचा कापू लागला. पुढे तो घरीही कापू लागला. आता ते स्वतःचा चहा स्वतः ओतून घेत नाहीत. वहिनी कप अर्धाच भरतात आणि भरताना दुसरीकडे पाहतात. अर्जदार त्याच टेबलाशी बसतो. बोटीचे इंजिन याआधी कधी नव्हते इतके उत्तम चालले आहे.

८. शेवटी दादांनी परवाना आपल्या टेबलावर आणून ठेवला. कारणाच्या जागी त्यांनी 'वय' असे लिहिल्याचे समजते. आपल्या कार्यालयाने तो महिनाअखेरीस रद्द होईल असे सांगून तोवर अर्जदारास, त्याच्याकडे दुय्यम परवाना असल्यामुळे, सुकाणू धरण्याची मुभा दिली. अर्जदार वर आला. खाली बदली माणूस ठेवला. पहिल्या दिवशी उघड्यावरचा वारा लागला तेव्हा बरे वाटले, हेही नमूद करतो. ते बरे वाटणे धक्का येईपर्यंत टिकले.

कारण, महोदय, पंखा उलटा आहे हे पक्के माहीत असूनही अर्जदाराला बोट लावता येत नाही. माहीत असणे आणि हाताला येणे यांत बराच फरक असल्याचे दिसून येते. रोज नाक आपटते. शिंपी आता कपडे डोक्यावर धरून बसतो. आणि दादा धक्क्यावर येऊन बसतात, अर्जदाराला धीर देतात. "वेग थोडा आधी सोडत जा," म्हणतात. परवा त्यांनी अर्जदाराला बाजूला घेतले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "मला जे झालंय तेच तुला होतंय बघ. आपल्या रक्तातच असणार. तू अजून तरुण आहेस, वेळेत दाखव कुणाला तरी." एवढे बोलून त्यांनी आपल्या टॉनिकची निम्मी बाटली अर्जदाराच्या खिशात घातली. वहिनींनी अर्जदाराच्याही मनगटाला तेल लावायला घेतले आहे. अर्जदार ते टॉनिक नेमाने घेत असून ते कडू आहे.

९. सबब विनंती की,
(अ) दादांचा परवाना रद्द करू नये. त्यांचा हात शाबूत आहे.
(आ) आपण एकदा अचानक तपासणीस यावे, पंखा पाहावा, आणि तो उलटा असल्याचे आपल्याच लक्षात आले असे दादांना कळवावे. दुकानदाराने न सांगता बदलला असेल, अशी शंका आपण व्यक्त केल्यास अर्जदार आजन्म ऋणी राहील.
(इ) वरील (आ) नियमात बसत नसल्यास केवळ (अ) चा विचार व्हावा. तथापि (आ) चा आधी व्हावा.

पुरवणी

१०. वरील अर्ज अर्जदाराने आपल्या कार्यालयातील आवक खिडकीवर दिला होता. तेथील बाईंनी तो वाचला, चष्मा काढला, पुन्हा वाचला आणि परत दिला. एकाच्या परवान्याबाबत दुसऱ्याने अर्ज केल्यास परवानाधारकाची सही लागते, असा नियम आहे म्हणाल्या. अर्जदाराने विचारले, अर्ज न वाचता केलेली सही चालेल का? त्यावर बाई म्हणाल्या, "नियमाप्रमाणे चालेल. तुम्हाला चालेल का ते बघा." हा शेरा अर्जदाराला झोंबला. तक्रार नाही.

११. त्यामुळे अर्जदाराने अर्ज घरी नेला आणि जेवणाच्या टेबलाशी बसून दादांना पहिल्या ओळीपासून वाचून दाखवला. मुद्दा (आ) सुद्धा वाचला, गाळला नाही. वहिनी ताट पुसत होत्या, त्यांचा हात थांबला. वाचून झाल्यावर दादांनी चपला घातल्या आणि धक्क्याकडे निघाले. अर्जदार मागून गेला. बोटीशी पोचल्यावर दादांनी मागे न पाहता हातानेच खाली जायची खूण केली. अर्जदार इंजिनाशेजारी जाऊन उभा राहिला.

दादांनी बोट तलावाच्या मध्यावर नेली. डावा पाय आपटला, अर्जदाराने उलटा गिअर टाकला. म्हातारीची शेपटी डावीकडे गेली. दादांनी तिला जाऊ दिले. पुन्हा एकदा करून पाहिले, आणखी एकदा करून पाहिले. मग त्यांनी बोट पूर्ण फिरवली, धक्का डाव्या हाताला घेतला, तिरके आत आले आणि डावा पाय आपटला. बोट धक्क्याला अशी टेकली की टांगलेला टायरसुद्धा दबला नाही. अर्जदाराला फटीतून त्यांचे पाय दिसत होते. ते कापत नव्हते. थोड्या वेळाने ते पाय निघून गेले.

१२. चालकाचा हात शाबूत असल्याबद्दल आता वेगळ्या पुराव्याची गरज नसावी. उतारूंचे दार बोटीच्या उजव्या कठड्याला आहे आणि यापुढे बोट डाव्या अंगाने लागेल. सबब डाव्या कठड्याला दार पाडण्याची परवानगी मिळावी. जुन्या फेऱ्याचा गिअरबॉक्स आणि डावा पंखा मागवण्याची तयारी अर्जदाराने दाखवली होती. परंतु दादांनी वहिनींना सांगितले, "त्याला सांग, काही नको मागवू म्हणावं. दार पाड." अर्जदार तेव्हा त्याच खोलीत होता.

१३. मुद्दा (आ) अर्जदार मागे घेत आहे. चाचणीच्या वेळी मान डोलावून दिलेल्या चुकीच्या माहितीबद्दल नियमानुसार जी कारवाई होईल ती त्याला मान्य आहे. अर्जदार खालीच काम करील.

१४. दादा सुकाणूवर बसण्यास तयार आहेत. पाय आपटून सूचना देतात, त्याप्रमाणे गिअर टाकला जातो आणि बोट व्यवस्थित लागते. याखेरीज ते अर्जदाराशी अद्याप बोललेले नाहीत. हा विषय आपल्या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही, याची अर्जदारास जाणीव आहे.

आपला नम्र आणि दोषी,
(सही)
इंजिनचालक, मोटारबोट क्र. ११७
दिनांक: १८ नोव्हेंबर

सोबत:
१) गिअरबॉक्स व पंख्याची दुकानातील पावती.
२) डाव्या कठड्याच्या दाराचे हाती काढलेले रेखाचित्र (दादांनी काढलेले, वहिनींमार्फत प्राप्त).
३) परवानाधारकाची संमती व सही, वेगळ्या कागदावर. या कागदावर अर्जदाराच्या सहीशेजारी सही करण्यास त्यांनी नकार दिला आहे.