प्लास्टिकची कव्हरं

मंगळवार, मार्च १९९८

डोकं तडकलंय नुसतं. आई दोनदा जेवायला हाक मारून गेली.

वर्षभर आम्ही मुली कॉम्प्युटर लॅबबाहेर चपला काढून आत शिरलो. आत काय, तर प्लास्टिकची कव्हरं घातलेली दहा मशिनं. सर फळ्यावर प्रोग्रॅम लिहायचे, आम्ही जर्नलमध्ये उतरवायचो. उत्तरही फळ्यावरूनच. मशीन कधी, असं विचारलं की म्हणायचे, "धूळ बसते गं. परीक्षेला काढू कव्हर." जर्नलात मात्र प्रत्येक प्रॅक्टिकलखाली लाल पेनाने 'पूर्ण'.

आज ती कव्हरं निघाली. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई म्हणाल्या, "एका दुकानाच्या ग्राहकांची यादी करून दाखव." माहिती प्रणालीची व्याख्या मला झोपेतून उठवून विचारा! पण मशीन चालू कुठून करतात? मी पडद्याचंच बटण दाबत बसले.

सर हसले. बाईंना म्हणाले, "सिन्नरहून एसटीने येते हो. खेड्यातल्या मुलींना मशीनची भीती वाटते."

भीती? आमच्या विहिरीवरची मोटर बंद पडली की फ्यूज कोण घालतं? मीच ना?

बाई शांतपणे म्हणाल्या, "मग सर, तुम्हीच चालू करून द्या तिला."

सर टेबलाखाली वाकले. मागे गेले, पुढे आले. वायरी चाचपल्या. शेवटी कव्हरं काढणाऱ्या शिपायाला हाक मारली. त्याने एका बोटाने चालू केलं.

आणि तेव्हा सगळ्यांसमोर "सॉरी सर" कोण म्हणालं? मी. अनवाणी उभी राहून.