डावखुरा दस्ता

बकॅनन, वेस्ट व्हर्जिनिया
८ सप्टेंबर १९९७

चि. वेंडेल यास ताईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही ठीक आहोत. बाबांचं मात्र काहीतरी शिजतंय. पोस्टातल्या बाई म्हणाल्या, की त्यांच्या नावाने पार्सलांवर पार्सलं येतायत. रविवारी गेले, तर त्यांची खारींच्या शिकारीची पॉइंट टू-टू रायफल टेबलावर उघडी पडलेली. नळी नवी, चाप नवा, वर दुर्बीण. आईने दिलेला, खांद्याला टेकवायचा अक्रोडाचा दस्ता काढून टाकलाय! विचारलं, तर म्हणे हौस.

आणि नवा दस्ता डावखुऱ्याचा! सेफ्टीचं बटणसुद्धा उलट्या बाजूचं. बाबा तर उजवे. आता त्या खोऱ्यात डावखुरं कोण? पलीकडच्या मेव्हिसबाई. चर्चच्या जेवणात डाव्या हाताने वाढतात, मी पाहिलंय. बाबांच्या ट्रकचा उजवा आरसाही फुटलाय. मेव्हिसबाईंच्या फाटकाचा खांब रस्त्याला अगदी लागून आहे, एवढंच म्हणते. आईला जाऊन दोन वर्षंही नाही झाली रे.

तू गोडीगुलाबीने विचार. मला ते ताकास तूर लागू देत नाहीत. मुलांना माझे पापे.

तुझी ताई,
अर्डिथ

कोल रन
१७ सप्टेंबर

चि. वेंडेल, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून इतका हसलो, की कॉफी सांडली. मेव्हिसबाईंचं आणि माझं प्रेम एवढंच, की त्यांची बोकडं माझा कोबी खातात.

तुला खरं सांगतो, पण ताईला कळता कामा नये. माझा उजवा डोळा गेला. वसंत ऋतूपासून मधोमध डाग, आता सगळाच धुरकट. एल्किन्स गावचा डोळ्यांचा डॉक्टर म्हणाला, हा परत यायचा नाही, दुसरा ठणठणीत आहे. ताईला समजलं, तर ट्रकची किल्ली काढून घेईल आणि मला तिच्या शिवणाच्या खोलीत नेऊन बसवील. पलंगाचं माप घेऊन झालंय तिचं.

म्हणून या वयात रायफल डाव्या खांद्याला लावायला शिकतोय. काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या नाकासमोरून उडतात, दचकायला होतं. नळी बदलायची गरज नव्हती, पण एकदा हात घातला की राहवत नाही, तुला माहीतच आहे. आईचा दस्ता तिच्याच गोधडीत गुंडाळून ठेवलाय. अंधार पडल्यावर गाडी चालवत नाही, काळजी नको.

बाबा

ॲक्रन, ओहायो
२५ सप्टेंबर

ती. ताईस सा. न.

बाबांशी पत्राने बोललो. काही विशेष नाही. तो दस्ता बहुधा स्वस्तात मिळाला असावा. मेव्हिसबाईंचं म्हणशील, तर या वयात माणसाला सोबत वाटली, तर वाटू दे की. इकडे कारखान्यात काम फार आहे. भावजींना नमस्कार.

तुझा,
वेंडेल

बकॅनन
१३ ऑक्टोबर

चि. वेंडेलला आशीर्वाद, मिळण्याची लायकी नसली तरी.

एरवी तीन पानं खरडणारा तू, आणि या वेळी अर्धं पान? स्वस्तात मिळाला म्हणे! शनिवारी न सांगता कोल रनला गेले. मेव्हिसबाईंना तिथेच पकडायचं ठरवलं होतं.

बाबा एकटेच अंगणात ओंडक्यावर बसले होते. टेकडीला टेकवून डबे मांडलेले. रायफल डाव्या खांद्याला. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा डबा उडाला, तेव्हा स्वतःशीच असे खुदकन हसले, की मला आईची आठवण आली. रायफल मांडीवर ठेवल्यावर मी उजवीकडून हलकेच जवळ गेले. हात लांब केला असता, तर टोपी काढता आली असती. त्यांनी पाहिलंच नाही. मी हात हलवला. तरी नाही.

वेंडेल, ट्रकची किल्ली मागायचे शब्द तोंडाशी आले होते.

मग पाऊल न वाजवता मागे फिरले, घराला वळसा घातला आणि डावीकडून, पाचोळा तुडवत, त्यांच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांना मोठमोठ्याने शिव्या देत आले. त्यांनी घाईघाईने रायफल उजव्या खांद्याला लावली आणि मला म्हणाले, की बघच आता म्हातारा कसा मारतो ते. गोळी टेकडीत कुठेतरी गेली. डबे जागचे हलले नाहीत.

मी म्हटलं, की बाबा, नेम अजून तस्साच आहे हो तुमचा.

तुझ्यावर रागावलेली, तरीही तुझीच,
अर्डिथ