तिचं पहिलं ‘नको’

उचगाव

प्रिय आत्याबाई,

तुम्ही असताना सासूला ‘प्रिय’ म्हणायचं धाडस मला झालं नसतं. आता म्हणते.

रविवारी तुमचं वर्षश्राद्ध. काल थोरले भाऊजी येऊन सांगून गेले, पाव्हणे येणार आहेत, तेवढा दिवस सारिकाला शेजारी ठेवा, ती हात झटकत ओरडायला लागली की बरं दिसत नाही. तुमच्या नातीला, तुमच्याच दिवशी, शेजारी! मी म्हटलं, “पंगत बसली नाही तरी चालेल, ती घरातनं हलणार नाही.” भाऊजी चहा न घेता गेले. तुमचे चिरंजीव म्हणाले, जरा नीट बोलायचं होतंस. सोळा वर्षांच्या संसारात मी पहिल्यांदा भाऊजींपुढं तोंड उघडलं, आणि ते ऐकून खूश होणारं माणूस घरात नाही. म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

रविवारी सगळे म्हणतील, म्हातारी फार मायाळू होती. होतात का हो? सारिका तीन वर्षांची झाली तरी बोलेना, हाक मारली तर वळून बघेना, तेव्हा तुम्ही काय म्हणाला होता? मी पोटुशी असताना गिराण पाळलं नाही, ग्रहणात भाजी चिरली, म्हणून. तिला देवऋष्याकडं नेऊन कपाळभर अंगारा लावून आणलात. मी गोठ्यात जाऊन रडले. फोटोला हार घातला तरी ते मी विसरणार नाही.

पुढं पुण्याच्या डॉक्टरांनी त्याचं नाव सांगितलं, ऑटिझम. औषध नाही म्हणाले, शिकवावं लागेल. कोल्हापुरात अशा मुलांना घेणारं एक केंद्र सापडलं, तिथं नंबर लागायला वर्ष गेलं. आठवड्यातनं दोनदा मी तिला बसनं न्यायची. तिथल्या मॅडम तिची हनुवटी धरून म्हणायच्या, बघ माझ्याकडं. बघितलं तर बिस्किटाचा तुकडा, नाही तर नाही. हात झटकले की ते टेबलावर दाबून धरायच्या. पोरीला उपाशी आणा, असंही सांगितलं होतं. मी तशीच न्यायची. शिकलेली माणसं, त्यांना कळत असेल, असं वाटायचं.

मग एक दिवस, नात काय शिकते बघू, म्हणून तुम्ही बरोबर आलात. बाकावर बसून दोन-तीन तुकड्यांचा खेळ बघितलात. मग उठून मॅडमचा हात तिच्या हनुवटीवरनं बाजूला केलात.

“जनावराला बी आमी वैरण दावून नाचवत न्हाय.”

नजरेला नजर दिल्याशिवाय मूल शिकत नाही, असं मॅडम समजावून सांगत होत्या.

“बगत न्हाय तर न्हाय. कान हायत की तिला,” म्हणालात, आणि सहा वर्षांच्या घोडीला काखोटीला मारून बसस्टॉपवर गेलात.

आठ दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. आयुष्यात शाळेची पायरी न चढलेल्या बाईनं माझ्या लेकीचं नशीब लाथाडलं, असंच मला वाटत होतं.

आणि एक गोष्ट तुम्हाला कधीच सांगितली नाही. मी तिला परत तिथं नेलं. दात दाखवायला नेते म्हणून खोटं सांगून, दोनदा. तिसऱ्यांदा ते गेट दिसताच ती भडाभडा ओकली. तिथंच पायरीवर बसून मी तिचा फ्रॉक पुसला आणि मागं फिरले. घरी आल्यावर तुम्ही फ्रॉककडं बघितलंत आणि काही न बोलता पाणी तापवायला ठेवलंत. तुम्हाला कळलं होतं ना? मग एवढं फाटकं तोंड तुमचं, त्या दिवशीच का शिवलंत? चार शिव्या घातल्या असत्या तर मी सुटले असते.

त्यानंतर कोडोलीच्या त्या तरुण बाई मिळाल्या, वाचा शिकवणाऱ्या. दर शनिवारी घरी यायच्या. त्यांनी टेबल मागितलं नाही. सारिका म्हशीच्या पोटाला कान लावून तासभर बसायची, तर त्याही शेजारी शेणात बसल्या. त्यांनी चित्रांची कार्डं केली. भाकरी, पाणी, म्हैस, आणि आडवा हात काढलेलं ‘नको’. ती जे कार्ड हातात देईल ते लगेच ऐकायचं, अशी त्यांची अट. तुम्ही म्हणालात, सुनेचं कधी ऐकलं नाही, आता पत्त्यांचं ऐकू व्हय?

चार महिने काही घडलं नाही. भाकरीचं कार्ड तर म्हशीनं खाल्लं. मग एका सकाळी तुम्ही रोजच्यासारखं तिचं डोकं तेलानं चोळत होता आणि ती रोजच्यासारखी किंचाळत होती. एकदम सुटून पळाली, आत गेली, आणि येऊन तुमच्या तेलकट हातात कार्ड ठेवलं. नको.

तुम्ही तेलाची वाटी खाली ठेवलीत. मग गल्लीभर सांगत सुटलात, “माझ्या नातीनं मला नको म्हटलं!” यात खूश होण्यासारखं काय आहे, ते बायकांना कळेना.

आता ती चौदा वर्षांची आहे. थोडं बोलते, बाकीचं कार्डांवर. दूध घालायला डेअरीत माझ्याबरोबर येते. डोळ्यांत अजून बघत नाही. गेल्या महिन्यात शहरातल्या एका संस्थेनं नवा वर्ग सुचवला. मुलीची जात, मोठी झाली, हात स्थिर ठेवायला शिकवू, म्हणजे चारचौघींसारखी दिसेल. मी विचारलं, त्या हातांनी कुणाचं काय वाईट होतं? फॉर्म कोराच ठेवून आले.

तुमच्यासारखा आवाज मला नाही, आत्याबाई. पण शब्द देते. मी तिला शिकवीन. पाळीतलं शिकवीन, बसचं तिकीट काढायला शिकवीन, अंगाला हात लावणाऱ्याला ढकलून द्यायला शिकवीन. उपाशी ठेवून मात्र काही नाही. तुम्हाला अक्षर येत नव्हतं, मला येतं. इथनं पुढं तिच्या नावानं येणारा प्रत्येक कागद मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचीन, तिला विचारीन, आणि मगच सही करीन.

तुमची सून,
सुनंदा