दोन नंबरचा दिवा

७ एप्रिल २०२५, सोमवार. सकाळी ११ वाजून २० मिनिटे.

मेहरूणमधील नव्या खोलीत टेबलाच्या डगमगत्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी घालून आत्ताच बसलो आहे. आज मी आनंदात आहे, हे आधी लिहून ठेवतो. बारावी नापास माणसाला आमच्या गावी, सोनगीरमध्ये, हायवेवरच्या ढाब्यावर काम मिळते. मला जळगावात खुर्चीवर बसायचे काम मिळाले, ते केवळ शुद्धलेखनाच्या जोरावर. जुन्या दप्तरांची छायाचित्रे येतात, ती पाहून नोंदी टाइप करायच्या. वेळ नऊ ते सहा, उद्यापासून सुरुवात. अट अशी की इंटरनेट वायरचे हवे आणि काम करणाऱ्याच्याच नावावर हवे. पहिल्या महिन्यात तीन खाडे झाले की काम गेले. घरी सांगून आलो आहे की आता परत येणार नाही.

वायर आहे. शेजारच्या बंद खोलीत राउटर आहे, तिथून भिंतीतल्या भोकातून ती माझ्या टेबलापर्यंत येते. कनेक्शन मात्र आधीच्या भाडेकरूच्या, ललितच्या नावावर आहे. घरमालक जीवराम नाना हसून म्हणाले, विजेचे मीटर अजून माझ्या आजोबांच्या नावावर आहे, ते कधी उठून विचारायला आले नाहीत. तू बी ललित हो, टायपिंग काय नावाने होते? नव्या कनेक्शनला तीन हजार लागले असते. मी भाड्याच्या फॉर्मवर ललितच्या नावाने सही केली, कंपनीलाही तेच नाव कळवले. अक्षर चांगले आले.

नानांची एक पद्धत आहे, तीही त्यांनी गमतीत सांगितली. भाडे थकले की ते बाहेरून कडी लावतात. भाडेकरूने हिशेब लिहून दाराखालून सरकवायचा, मग कडी निघते. तोंडातोंडी नाही, पोलीस नाही, म्हणाले. मीही हसलो.

८ एप्रिल, सायंकाळी ६.३०.

साडेनऊला लाइन बंद. पडद्यावर सूचना आली की हा पत्ता दुसरा संगणक वापरत आहे. एका लाइनवरच्या प्रत्येक संगणकाला घर क्रमांकासारखा एक आकडा असतो. दोघांना एकच मिळाला की काम अडते. पण इथे दुसरा आहे कोण? वायर काढून, फुंकून, टक् आवाज येईपर्यंत दाबून बसवली. संगणक चार वेळा बंद-चालू केला. आकडा हाताने बदलला. पाच मिनिटे चालते, पुन्हा तीच सूचना. दिवसभरात माझ्या नोंदी एक्केचाळीस.

आमच्या कामावर देखरेख करणाऱ्या रूपल मॅडमना घाबरत फोन केला. त्या म्हणाल्या, वा ललित, पहिल्याच दिवशी तीनशे बारा! तो आकडा माझा नाही, हे मी सांगितले नाही. ते माझे चुकले.

१० एप्रिल, दुपारी २.

नवी वायर आणून लावली. तीच सूचना. नानांना सांगितले तर म्हणतात, तुझ्या कॉम्प्युटरला नजर लागली, लिंबू-मिरची बांध. संतापाने पाय आपटत वर आलो.

वायरमन तोताराम भाऊंना बोलावले. त्यांच्याकडे वायर तपासायच्या डब्यांची जोडी आहे. मोठी डबी एका टोकाला लावून चालू करायची, की दुसऱ्या टोकाच्या लहान डबीवर एक ते आठ दिवे ओळीने लागतात. लहान डबी त्यांनी माझ्या टोकाला लावली. मोठी अजून पिशवीतच होती, बंद.

लहानीवर दिवे लागले. एक, दोन, आठपर्यंत. पुन्हा एक.

तोताराम भाऊंनी डबी उपटली आणि म्हणाले, वायर बठ्ठी चांगली शे भाऊ, तठे कोनी तरी बठेल शे — म्हणजे पलीकडे कोणीतरी बसले आहे. मग सगळे सांगितले. मागच्या एप्रिलमध्ये ललितचे तीन महिन्यांचे भाडे थकले. नानांनी त्याच्या खोलीला, म्हणजे या शेजारच्या बंद खोलीला, कडी लावली आणि लग्नाला निघून गेले. तीन दिवसांनी आले. हिशेब दाराखालून बाहेर आलेला होता. ललित खुर्चीत. त्या खोलीला खिडकी नाही.

मजुरी न घेता गेले.

१२ एप्रिल, सायंकाळी ६.१५.

भांडून ती खोली उघडायला लावली. नाना म्हणत होते, गरमीने गेला, मी काय केले? काय केले! हिशेब तरी वाचलात का, असे विचारले, तर म्हणाले, बेरीज बरोबर होती.

टेबल, खुर्ची, राउटर. बाकी काही नाही. ललितचा संगणक नानांनी विकला आहे. टेबलावर बोटभर धूळ, त्यात मनगटे टेकतात तेवढ्या दोनच जागा स्वच्छ. राउटरला माझी एकच वायर, एक नंबरला, आणि तिचा दिवा बंद. दोन नंबरला वायर नाही. तिथला दिवा चालू, लुकलुकत होता.

मी रागाने राउटरची विजेची पिन काढली. दिवा लुकलुकतच राहिला.

सहा वाजता मॅडमचा निरोप: आज सहाशे चाळीस.

१४ एप्रिल, सकाळी १०.

मॅडम म्हणतात, एका नावावर दोघे दिसतात, एक बंद करावा लागेल. मी खरे सांगितले — मी अभिमन, नाव खोटे दिले. त्या मग म्हणाल्या, ललितने मघाशीच ओळख पटवून दिली. तुम्ही कोण?

माझी मेहनत. माझी खुर्ची. मेलेल्याची कीव करू की गळा धरू —

नाना वर आले. फॉर्मवर सही तुझी, ललितची बाकीही तुझी, म्हणाले. उद्या त्यांना पिंपळनेरला पुतणीच्या लग्नाला जायचे आहे. त्याआधी मिटव, म्हणाले.

१५ एप्रिल. घड्याळ नाही.

वायर मुळापासून तोडायची म्हणून नानांकडे त्या खोलीची किल्ली मागितली. पक्कड आणि ही वही घेऊन आत आलो. मागे कडी लागली.

नाना बाहेरून म्हणाले, हिशेब सरकव, मग काढतो. शिव्या दिल्या. मग खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज. गेले. विसरले, का —

दार तुटत नाही. पक्कड वाकली. हात —

दोन नंबरचा दिवा विझला. एक नंबरचा लागला. तो माझ्या खोलीचा.

भिंतीपलीकडे टायपिंग. न थांबता.

माझा फोन तिकडे वाजला. कोणीतरी उचलला.

पाणी नाही. हिशेब लिहितो. कोणी वाचेल —

खर्च: नवी वायर १८०. पक्कड १५०. एप्रिलचे भाडे २,५००, दिलेले.
येणे: आठ तारखेच्या एक्केचाळीस नोंदी. त्या माझ्या आहेत.
देणे: तीन महिन्यांचे भाडे ७,५००. हे देणे माझे नाही. सही माझी, नाव माझे नाही. माझे नाव अभि