एका बोटाने उघडणारं झाकण

गुरुवार, दिवेलागण

आज कारखान्याला सुट्टी. सकाळी दत्ताच्या देवळातून थेट चिंचवडच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. चौकाचौकांत जाहिराती लागलेला तो नवा लॅपटॉप बघायचा होता. त्याच्या झाकणाची बिजागरी आमच्या चाकणच्या छोट्या कारखान्यात बनते, माझ्या तपासणीतून जाते. त्या एका कामासाठी बाकीची कामं सोडावीत का, हे मालकांनी मला विचारलंय. बाकीची कामं सोडली आणि हा लॅपटॉप बाजारात पडला, तर आम्ही चौदा जण घरी.

दुकानदार हसला. "काका, जाहिरातीला भुलू नका. फळी बघा, मोठ्या नावांनीच भरलीय. नव्याला उभं राहायला जागा तरी आहे का?"

मी त्या नव्याचं झाकण एका बोटाने उचललं. आमची तपासणीची रीतच ती. खालचा भाग उचलला गेला, तर माल नापास. हा जागचा हलला नाही. मग शेजारचे तीन बघितले, मोठ्या नावांचे. तिन्ही झाकणाबरोबर वर आले!

"अहो, झाकण बघून कोण लॅपटॉप घेतं?" दुकानदार म्हणाला.

खरंच, कोण घेतं? आतलं मला काय कळतं? गावच्या शाळेत कॉम्प्युटर बघितलाही नव्हता. पण त्या एका बोटाने छाती फुगली. गर्व नको, देवा. तरी फुगली, खोटं कशाला लिहू?

आत्ताच मालकांना फोन केला. म्हटलं, "साहेब, तो लॅपटॉप चालेल की नाही, देव जाणे. आपली बिजागरी चालेल. बाकीची कामं सोडू नका. आज दुकानात तीन मोठ्या कंपन्यांची झाकणं आपल्या तपासणीत नापास झाली, त्या तिघांकडे नमुने घेऊन मी जातो."

"तुम्ही? इंग्रजीत बोलतील राव ते."

"बोलू द्या. मी झाकण उघडून दाखवीन."

घरी होते तेवढे नमुने पिशवीत भरून ठेवलेत.