मार्थेच्या वाटची भांडी

प्रिय ताई,

आज सकाळच्या प्रार्थनेत मार्था-मरीयेचा उतारा आला. प्रभू घरी येतो, मरीया ऐकत बसते, मार्था राबत राहते आणि प्रभू मार्थेलाच समजावतो, तो. हाच वाचून पप्पा तुला म्हणाले होते, "मरीयेसारखी बस जरा, भांडी कुठे पळून जात नाहीत." तू म्हणालीस, "पळत नाहीत म्हणूनच मला घासावी लागतात." तेव्हापासून तू प्रार्थनेला बसलीच नाहीस. माहेरी आलीस तरी त्या वेळी ओट्यापाशीच असतेस.

आज पप्पांनी बायबल मिटलं. मग म्हणाले, "प्रभू मार्थेवर रागावला नव्हता गं. तिची ओढाताण त्याला बघवली नसेल. उतारा माझ्यासाठी होता, आणि मी तो थोरलीला वाचून दाखवत बसलो."

आणि उठून थेट भांड्यांपाशी गेले. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेले हात ते. आत काटे असल्यासारखा एकेक कप घासला, उजेडात धरून पाहिला आणि फडक्यावर ओळीने मांडला. तरी एक फुटलाच. आईला हसू आवरेना.

रविवारी ते तुझ्याकडे येतायत. उतारा तू वाचायचा आणि भांडी त्यांनी घासायची, असं ठरवलंय. मला बजावलंय, "तिला कळवू नकोस, नाहीतर आधीच सगळी घासून ठेवेल."

तू ठेवशीलच. म्हणून पोटात मावेना ते इथे लिहिलं, पण पत्र काही टाकत नाही. तुझे चांगले कप देवाच्या हवाली.

तुझी,
धाकटी